प्रति: रोज वचन फॉरवर्ड करूनही आशा का वाटत नाही?

वर विचारलंय की बायबलमधलं यिर्मया 29:11 (तुमच्यासाठी माझ्या योजना भल्याच्या आहेत, भविष्य आणि आशा देणाऱ्या, असं देव सांगतो ते वचन) रोज सकाळी ग्रुपवर येतं, तरी मन कोरडंच राहतं. मला वाटतं, चूक वचनात नाही, ते एकटं तोडून घेण्यात आहे. हे वाक्य यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातलं आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं. आधीचं दहावं वचन वाचा: सुटका सत्तर वर्षांनी! म्हणजे ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना ती दिसणारच नव्हती.

म्हणून 28 आणि 29 हे दोन्ही अध्याय सलग वाचा, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा 'दोनच वर्षांत सगळं परत येईल' म्हणतो आणि यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण असलेलं लाकडी जू मोडतो. टाळ्या त्यालाच मिळाल्या असणार. आजच्या 'या महिन्यात तुझा चमत्कार' छाप संदेशांचा मूळपुरुष तोच. मुदत उलटली की माणूस स्वतःच्या विश्वासाला दोष देत बसतो.

पत्रातली कामं मात्र अगदी साधी आहेत (29:5-7): घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूचं शहर, बरं का. तेव्हा प्रार्थनेत आपल्या वॉर्डातली एक अडचण नाव घेऊन मांडा, आणि तिच्यासाठी आठवड्यात तासभर द्या.

अगदीच वाईट रात्री बायबलमधलंच स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं, पहिल्या दोनांत 'कुठवर?' चारदा. घाईने शेवटच्या स्तुतीवर उडी मारू नका. तिथवर पोचता आलं नाही तर स्तोत्र 88 आहे, ते अंधारातच संपतं.