जर्मनीत शिक्षण फुकट? मग आमचे पैसे गेले कुठे?

म्हापशेकर

परवा पर्वरीच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं: 'जर्मनीत शिक्षण फुकट आहे. तरी जे पालक इथल्या खाजगी कॉलेजात लाखो रुपये ओततात त्यांची कीव येते.' खाली अंगठ्यांची रांग. माझ्या मेहुण्याने तेच मला पाठवून विचारलं, "भावोजी, तुमचं फुकटात झालं ना?" तेव्हा डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी मुलगी जर्मनीत केम्निट्झला मास्टर्स करतेय. फी नाही, हे खरं. सत्राला थोडे युरो भरायचे, त्यात बस-ट्रॅमचा पासही येतो. पण व्हिसाच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्या-खाण्यासाठी पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, 11,904 युरो दाखवावे लागतात. हप्त्याने नाही, एकरकमी. आजच्या भावाने बारा लाखांच्या घरात. कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचे 18,000 रुपये, इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा वेगळी, जर्मनचा क्लास पणजीला, विमानाचं तिकीट मुंबईहून.

हे बारा लाख आणायचे कुठून? बँकेत गेलो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. घर आहे ना, म्हटलं. फॉर्म 1 आणि 14 वर, म्हणजे आमच्या गोव्याच्या सातबाऱ्यावर, अजून आजोबांचं नाव. वडील 2009 ला गेले, इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातली वाटणी) झालेली नाही, पाच चुलते, एक आत्या कारवारला. बँकेच्या बाईंनी कागद बघून जे हसू दाबलं ते मी विसरणार नाही. शेवटी बायकोचे दागिने गहाण आणि साडूकडून हातउसने.

तेव्हा 'फुकट' म्हणजे काय ते नीट लिहा. ज्याच्याकडे बारा लाख रोख आहेत त्याला फुकट.

युरोप_रिटर्न

मीच तो पर्वरीचा गृहस्थ. भाई, चिडलात हे कळलं, पण हिशेब चुकीचा मांडताय. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे जर्मनी घेत नाही, ते तुमचेच. महिन्याला 992 युरो मुलीच्या हातात परत येतात. त्यातून ती भाडं देते, जेवते. म्हापशात ती जेवत नव्हती का?

शिवाय वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. दुसऱ्या वर्षाचा खर्च बहुतेक मुलं स्वतः काढतात. मी 2015 ला गेलो, वडील प्राथमिक शिक्षक. तेव्हा आठ हजार युरोंच्या आसपास दाखवावे लागायचे. आम्हीही कर्जच काढलं, पण कुठे रडत बसलो नाही.

म्हापशेकर

म्हापशात ती घरच्या तांदळाची पेज जेवायची, 992 युरोची नाही.

आणि तुमचं ज्ञान 2015 चं आहे, हाच प्रॉब्लेम आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 2017 पासून युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला 1,500 युरो आहेत. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून 2,000 ते 6,000 लावलेत, तेही सत्रालाच. नॉर्वे फुकट म्हणून सांगणारे अजून भेटतात, तिथे 2023 पासून फी सुरू झाली. आणि बारावीच्या मार्कलिस्टवर जर्मनीत थेट बॅचलरला सहसा घेतच नाहीत. आधी इथे पदवीचं एक वर्ष करा, नाहीतर जेईई अॅडव्हान्स्ड, नाहीतर तिथलं स्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचं तयारीचं वर्ष. म्हणजे ज्या खाजगी कॉलेजवाल्यांची तुम्हाला कीव आली, त्याच कॉलेजातून वाट जाते.

डिचोलीची_आई

नमस्कार. मुलाला नीटमध्ये कमी मार्क पडले. जॉर्जियाला एमबीबीएस स्वस्त पडतं असं एजंट म्हणतो. कुणाला अनुभव?

जुना_तारवटी

देवाक काळजी! एवढं डोकं कशाला खाता? पोर्तुगीज नागरिकत्व करून टाका, बाप-आजा पोर्तुगीज राजवटीत जन्मले म्हणून आपल्याला ते मिळतं. तीस वर्षं बोटीवर काढली, एवढं एक शहाणपणाचं काम केलं. लिस्बनला जन्माची नोंद, बिलेत (ओळखपत्र), पासपोर्ट. ना ब्लॉक्ड अकाउंट ना व्हिसा. माझा भाचा स्विंडनला आहे, त्याच्या मुलाला इंग्लंडमध्ये होम फी लागली, परदेशी मुलांच्या निम्मीसुद्धा नाही.

ताळगावची_बाय

तारवटी काका, अर्धं खरं सांगताय, आणि तेच जास्त धोक्याचं. तुमचा भाचा 2020 संपायच्या आत तिथे राहत होता, त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहायचा हक्क, मिळालं, म्हणून होम फी (तिथल्या मुलांची फी). आज म्हापशाहून कुणी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला शिकायला गेला तर तो परदेशीच. ब्रेक्झिटमुळे 2021 च्या प्रवेशांपासून युरोपियन युनियनच्या नव्या मुलांना तिथे पूर्ण फी आहे. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाला हे ऑफर लेटर आल्यावर कळलं.

पण युरोपात उपयोग होतो, यात वाद नाही. माझ्या भावाने दोन्ही मुलांची नोंद केली. थोरला नेदरलँडला आहे, वर्षाला अडीच हजार युरोंच्या आसपास फी. त्याच्याच वर्गातल्या पुण्याच्या मुलाला कितीतरी पट जास्त. पोर्तुगालातही तसंच, तिथल्या नागरिकाला वर्षाला 697 युरो, कोइंब्राला परदेशी म्हणून गेलात तर 7,000.

युरोप_रिटर्न

पोर्तुगालात पदवी पोर्तुगीज भाषेत असते हेही सांगा. आणि पासपोर्टवाल्याला परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी रांग बंद. तिथल्या मुलांच्याच रांगेत उभं राहायचं. 'ओब्रिगाद' (आभारी आहे) एवढ्या भांडवलावर ते होत नाही.

साखळीचे_मास्तर

वाचून शरम वाटली. माझे वडील पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात होते. 1955 च्या पंधरा ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, ते कुणाच्या झेंड्याखाली? गोवा मुक्त झाल्यावरही मुक्तिसैनिक मोहन रानडे 1969 पर्यंत त्यांच्या कोठडीत होते. एक मराठी शिकवणारा माणूस! त्या लिस्बनच्या दारात तुम्ही आता आजोबांच्या जन्माचा दाखला घेऊन उभे. कशासाठी, तर फीमध्ये सवलत.

स्वस्त देश शोधता शोधता स्वतःचाच देश स्वस्तात काढलात.

जुना_तारवटी

मास्तर, वाक्य छान. तुमचा मुलगा न्यू जर्सीला काय करतो?

साखळीचे_मास्तर

ग्रीन कार्डासाठी थांबलाय. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे!

जुना_तारवटी

हां. रांगेत आहे म्हणजे अजून देशभक्त. नंबर लागला की बघू.

साखळीचे_मास्तर

बोटीवर भांडी घासणाऱ्यांकडून मला देशभक्ती शिकायची नाही.

जुना_तारवटी

भांडी नाही, चीफ कूक होतो. आणि त्या भांड्यांवर तीन बहिणींची लग्नं झाली. तुमच्या साखळीच्या देवळाच्या सभामंडपाला देणगी कुठून आली ते पावतीपुस्तकात बघून या.

काजूभाट

पासपोर्टवर भांडताय, जमिनीवर कोण बोलणार? आमच्या वाळपईकडे शेजाऱ्याने मुलाला कॅनडाला पाठवायला काजूचं भाट (बाग) विकलं. बाहेरच्या पार्टीने घेतलं, पहिल्याच महिन्यात चिऱ्यांचं कुंपण घातलं. नदीवर जायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद. मुलाचं काय? पहिल्या प्रयत्नाला व्हिसा नाकारला, दुसऱ्या प्रयत्नापर्यंत 2024 चा जानेवारी उजाडला. तोवर खात्यात 10,000 डॉलर दाखवायचे होते, त्याचे एकदम 20,635 झाले. आता तो ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये सहा जणांत राहतो. दर वर्षी मिरगाच्या तोंडाला बापाला फोन करून विचारतो, "काजू संपले का?" कुठले काजू रे बाबा!

जमीन विकून शिकायचं असेल तर कुठलाच देश स्वस्त नाही. ज्यांनी झोन बदलून दिले त्यांच्यावर कुणी बोलत नाही.

युरोप_रिटर्न

काजूभाट, इथेही ते जमिनीचे झोन बदलायचं 17(2) कलम आणू नका, हात जोडतो. विषय शिक्षणाचा आहे.

काजूभाट

पैसा कुठून येतो हाच विषय आहे. म्हापशेकरांनी तेच लिहिलंय, तुम्ही वाचलं नाही.

डिचोलीची_आई

जॉर्जियाबद्दल कुणी सांगेल का? शनिवारपर्यंत 50,000 भरा म्हणून एजंट मागे लागलाय.

ताळगावची_बाय

मास्तरांना उत्तर द्यायचं नव्हतं, पण एक सांगते, कारण ते एजंट सांगत नाहीत. भावाने दोन्ही मुलांची नोंद केली म्हटलं ना, तिथेच आमचा घात झाला. धाकटीला डॉक्टर व्हायचं होतं. हुशार, नीटला मार्क चांगले. पण पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय संपतं, दोन्ही ठेवायची सोय आपल्याकडे नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) आहे, पण 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर ज्यांना ते मिळालं अशा मुलांना फक्त एनआरआय किंवा जादाच्या जागा. भारतीयांसाठी असलेली सरकारी सीट नाही. ज्या बांबोळीला तिचा जन्म झाला तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजची साधी सीट तिला मागता येत नाही. थोरल्याच्या फीत जेवढे वाचले, त्याच्या कितीतरी पट धाकटीला लागणार. वहिनी दोन महिने भावाशी बोलत नव्हती.

सरकारी नोकरी नाही, मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे सगळं मोजून ज्याला करायचं त्याने करावं. पण घाऊक भावात अख्ख्या घराचं करू नका.

आणि मास्तर, आमचे आजोबाही सत्याग्रहात होते. नातवाच्या नोंदीसाठी त्यांचाच दाखला लागला. पोर्तुगीजांच्या जन्मनोंदीच्या पुस्तकात त्यांचं नाव 'शेंकोर' लिहिलेलं. शंकरचा शेंकोर झाला आणि त्या एका अक्षरापायी आम्ही दीड वर्ष फेऱ्या मारल्या. ते असते तर त्यांनी हसून सोडलं असतं की चपलेने मारलं असतं, मला खरंच ठरवता येत नाही.

साखळीचे_मास्तर

भांड्यांचं बोललो ते चुकलं. तारवटींनी पावतीपुस्तक काढू नये. पासपोर्टबद्दलचं मत तेच आहे.

जुना_तारवटी

बरं. मीही न्यू जर्सी मागे घेतो. तुमचा मुलगा तिथलं नागरिकत्व घेत नाही तोवर.

युरोप_रिटर्न

मूळ मुद्द्यावर येतो. म्हापशेकर, 'फुकट' हा शब्द मी सैल वापरला, मान्य. 'फी नाही' असं लिहायला हवं होतं. पण तुम्हीही बारा लाख खर्च झाले असं सुचवता, ते तितकंच सैल आहे. मुलीला तिथे कामाचं काही मिळालं का?

म्हापशेकर

मिळालं. गोदामात पार्सलं लावते, शनिवार-रविवार. दुसऱ्या वर्षी माझ्याकडून फक्त विम्याचे पैसे गेले. झालं समाधान? साडूचे चार लाख अजून द्यायचे आहेत, तेवढं मात्र लिहून ठेवा. आणि पहिल्या हिवाळ्यात पोर रोज रात्री रडायची, ते कुठल्या रकान्यात टाकायचं ते सांगा.

युरोप_रिटर्न

मीही रडायचो. ते मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं.

ताळगावची_बाय

डिचोलीच्या ताई, माफ करा, आमच्या भांडणात तुम्ही राहून गेलात. शनिवारी काही भरू नका. आधी एजंटकडून चार गोष्टी लेखी मागा. कोर्स किमान 54 महिन्यांचा आहे का, पूर्ण इंग्रजीत आहे का, 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत होते का, आणि तिथल्या डॉक्टरसारखं तिथे प्रॅक्टिस करायला ती पदवी चालते का. 2021 च्या नियमांप्रमाणे यातलं एक जरी हुकलं तर इथे परवाना नाही. नीट पास हवंच. परत आल्यावर स्क्रीनिंग परीक्षा आहे, 300 पैकी 150, आणि तिथे बरीच मुलं अडकतात. एजंट लोक बाकीचं सगळं सांगतील, हे सांगणार नाहीत. आमच्या शेजारचा मुलगा 2022 ला युद्धात युक्रेनमधल्या खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनात आठ दिवस झोपला. त्याचा एजंट तेव्हापासून फोन उचलत नाही.

डिचोलीची_आई

धन्यवाद ताई. लेखी म्हटल्याबरोबर एजंटने 'बघून सांगतो' म्हटलंय. शनिवारची घाईही गेली.

म्हापशेकर

ताई, एक विचारायचं होतं. माझ्या वडिलांचा जन्म 1938 चा, म्हापशातलाच. त्यांच्या जन्माची नोंद त्या जुन्या पुस्तकात आहे का हे बघायचं तर कुठल्या काउंटरला जायचं? धाकटा आता बारावीला आहे.

साखळीचे_मास्तर

अरेरे.

म्हापशेकर

मास्तर, इन्व्हेंटरीसाठी लागतो दाखला. घर अजून आजोबांच्या नावावर आहे, वर लिहिलंय.

जुना_तारवटी

हो हो, इन्व्हेंटरीसाठीच. सोमवारी लवकर जा, दहानंतर रांग वाढते. आणि आत गेल्यावर 'इन्व्हेंटरीसाठी' म्हणून सांगू नका, तिथे सगळे तेच सांगतात.