जुनी सीताफळं फाल्गुनात छाटली तर नवी होतील का?

प्रश्न (धारूर डोंगरपट्टा)
बालाघाटच्या उतारावर बालानगर जातीचं सीताफळ आहे, वय पंधराच्या आसपास. फांद्या एकमेकींत गुंतल्यात, फळ लिंबाएवढंच राहतं. पानगळ चालू आहे. झाडं काढावीत की छाटून पुन्हा उभी करावीत? विहिरीचं पाणी चैत्रापर्यंतच पुरतं.

उत्तर 1
काढू नका! पंधरा वर्षांचं खोड अजून जोमात असतं. सीताफळाचा डोळा (नव्या फुटीचा कोंब) पानाच्या देठाखाली झाकलेला असतो, देठ गळाल्याशिवाय तो फुटत नाही. म्हणून पानगळ संपत आली की, पण कोंब हलायच्या आत, छाटणी उरका.

आधी वाळलेल्या, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या काढा. झाडावर लटकलेली काळी, वाळकी फळं एकही ठेवू नका, बुरशी त्यांच्यातच मुक्काम करते. गोळा करून जाळा. मग जमिनीपासून तीन-चार फुटांवर मुख्य फांद्या कापा. करवत आधी खालच्या बाजूने थोडी चालवा, नंतर वरून कापा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते.

उत्तर 2
सगळी बाग एकाच वर्षी एवढी खाली आणू नका. निम्मी झाडं यंदा, निम्मी पुढच्या वर्षी. तेवढंच हाती उत्पन्न राहतं. सावली गेल्यावर वैशाखाचं ऊन उघड्या सालीवर बसतं आणि साल तडकते, तेव्हा खोडाला चुना लावाच.

पाण्याचं जास्त महत्त्वाचं. चैत्रात एकदा भरपूर पाणी देऊन पुढे बंद केलं तर कोवळी फूट मे महिन्यात करपते. त्यापेक्षा बहार (फुलं-फळांचा हंगाम) पावसावरच धरा. उन्हाळ्यातली फुलं गळाली म्हणून घाबरू नका: कोरड्या वाऱ्याने स्त्रीकेसराचा ओलावा सुकतो, पराग रुजत नाही. मृगानंतर हवा दमट झाली की सेटिंग (फळधारणा) होतं.

प्रश्नकर्ता
कापावर काय लावायचं? आणि फुटवे किती ठेवायचे?

उत्तर 3
बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप. मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो 5 लिटर पाण्यात, कळीचा चुना 1 किलो वेगळ्या 5 लिटरमध्ये. दोन्ही प्लॅस्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं नको. चुना गार झाल्यावर दोन्ही एकत्र ओता. त्यात घासून लख्ख केलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर आम्ल शिल्लक आहे, थोडी चुन्याची निवळी वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरा, शिळी झाली की चिकटत नाही.

प्रत्येक कापाखाली फुटव्यांचा झुपका येतो. ते वीतभर झाले की बाहेरच्या दिशेचे तीन-चार ठेवा, बाकीचे हाताने मोडा. इथे हात आखडला तर दोन वर्षांत पुन्हा तीच गर्दी. शेणखत झाडाला दोन घमेली, पहिल्या पावसाआधी, खोडापासून दूर, आळ्याच्या कडेने.