सूत आणि मायक्रॉनचं सूत जुळेना: शॉपमध्ये इंच बंद करावा का?

शिरोली_जॉबवर्क
मशीनशॉप छोटं आहे. दोन सीएनसी, त्या मिलिमीटरवर. तीन जुने लेथ, लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) ४ टीपीआयचा, म्हणजे इंचाला ४ आटे, आणि डायल थाऊचे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचे. इथल्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग मिमीत येतात, एका एक्स्पोर्टवाल्याची इंचात. जुने मिस्त्री सूत (इंचाचा आठवा भाग) आणि थाऊ बोलतात, आयटीआयची पोरं मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). चहाला रोज जुंपते आणि आता ती जॉबवर उतरायला लागली आहे. मालक म्हणतात, भिंतीवर पाटी लावा, इंच बंद. लावावी का? आणि जुन्या लेथवर एम १२ चे (१२ मिमी व्यासाचे मेट्रिक) आटे पाडायचे आहेत, ते जमतील का?

उद्यमनगर_टर्नर
पाटीचं नंतर बघू, आधी आटे. जमतात की.

१२७ दात्यांचा चेंज गिअर (स्पिंडल आणि लीड स्क्रू जोडणारा, बदलता येणारा गिअर) आहे का बघा. १२७ का, तर एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, आणि २५.४ ची पाचपट १२७. एम १२ ची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.७५ मिमी. तुमच्या ४ टीपीआयच्या लीड स्क्रूला स्पिंडलकडे ३५, स्क्रूवर १२७, मध्ये आयडलर. एम १० ला (पिच १.५) ३५ च्या जागी ३०.

१२७ नसेल तर ६३ वर भागतं: ६३ ने ८० फिरवा, ८० च्याच शाफ्टवर ३५ बसवा, त्याने स्क्रूवरचा १०० फिरवा. १०० मिमी लांबीत साधारण साडेबारा मायक्रॉन चूक येते. बोल्टला चालेल, लीड स्क्रू बनवत असाल तर नाही.

पोरं फसतात ती पुढे. इंची स्क्रूवर मिमीचे आटे पाडताना हाफ नट (टूलची कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा) उघडायचा नाही. चेजिंग डायल (हाफ नट कधी लावायचा ते दाखवणारी चकती) इथे कामाचा नाही. प्रत्येक कटनंतर टूल मागे घ्या आणि मोटर उलटी फिरवून कॅरेज परत आणा. हाफ नट एकदा सुटला की पुढचा कट आधीच्या खाचेत पडेल याची खात्री नाही.

टूल ६० अंशाचं घासा. शॉपमधलं जुनं गेज ५५ चं, व्हिटवर्थचं (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचं) असण्याची शक्यता दांडगी. आट्याची खोली १.०७ मिमी, म्हणजे ४२ थाऊ. डायल व्यासावर वाचत असेल तर ८४.

गोकुळशिरगाव_क्यूसी
लावा पाटी. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, अजून आपण सुतावरच आहोत.

एक सूत ३.१७५ मिमी, पण तोंडी हिशेबात सगळे ३ धरतात. चार सूत म्हटलं की एक जण १२ मिमी कापतो, दुसरा १२.७. सात दशांशाचा घोळ नुसत्या बोलण्यात. नासाचं मंगळयान १९९९ मध्ये गेलं ते याच गोंधळात: एकीकडून आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत आले, दुसरीकडे ते न्यूटन सेकंद म्हणून वापरले. तिथे हे होतं, तर आपल्या टपरीवर काय होणार? सूत शिंप्याला शोभतं.

पॅटर्नवाला
दादा, सूत शिंप्याचं नव्हे, सुताराचं. आणि पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, सुतारच बनवतो.

ग्रे आयर्नचं थंड होताना आकसणं आम्ही फुटाला एक सूत धरतो, स्टीलचं दोन सूत. तुमच्या भाषेत सुमारे १ आणि २ टक्के. ६०० मिमीच्या कास्टिंगला १ टक्क्याने ६ मिमी येतात, सुताने सव्वासहा. हा पाव मिमी मोल्डच्या फरकात कुठल्या कुठे विरतो. मग ज्याच्या हातात जे बसलंय ते काढून घेऊन काय मिळणार? रिजेक्शन होतं ते ड्रॉइंगवर आकसणं आधीच धरलेलं असताना वर पॅटर्नची वाढीव पट्टी (आकसण्याइतकी मोठी आखलेली) लावल्याने. ती चूक मिमीतही होते.

तुमचा तोंडी सुताचा मुद्दा मात्र मान्य. मशीनिंगच्या मापाला सूत नको.

गोकुळशिरगाव_क्यूसी
वाढीव पट्टीचं बरोबर आहे. ती क्यूसीच्या टेबलावर येऊ देऊ नका एवढंच. शिंप्याचं मागे घेतो.

फिटिंग_खाटिया
इंच बंद करून तो जाणार कुठे? पाइपाचे आटे घ्या. अर्धा इंच बीएसपीचा (ब्रिटिश पाइप आटा) बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी. त्यात अर्धा इंच कुठेच नाही, ते नुसतं नाव आहे. जर्मनीतही हेच आटे, याच नावाने.

नावावर भांडण्यापेक्षा जोडी तपासा. अर्धा आणि पाऊण इंचात बीएसपी नि एनपीटी (अमेरिकन पाइप आटा) दोन्ही १४ टीपीआय, पण कोन ५५ आणि ६०. एकमेकांत फिरतात, टेफ्लॉनवर आवळले तर बसल्यासारखे वाटतात आणि प्रेशरला गळतात. एक इंचाला बीएसपी ११ नि एनपीटी साडेअकरा, तिथे चूक लगेच कळते. तसंच अर्धा इंची बोल्टचं: व्हिटवर्थ १२, यूएनसी (अमेरिकन आटा) १३. बाकीच्या नेहमीच्या साइजना दोघांचे टीपीआय सारखे, म्हणून या एकाच साइजला माणूस गाफील राहतो. एम ८ च्या नटात ५/१६ चा बोल्ट दोन-तीन आटे जातो, मग आवळतो. तिथे पान्याला जोर लावू नका.

आता पाटी. इंच बंद असं लिहू नका. ड्रॉइंग ज्या मापात, जॉब कार्ड, गेज आणि रिपोर्ट त्याच मापात, एवढंच लिहा. रूपांतर करायचंच झालं तर एकाच माणसाने, कागदावर. वरची मर्यादा खाली गोल करायची, खालची वर. १.२५००/१.२४९५ इंचाचा शाफ्ट ३१.७५०/३१.७३८ मिमी होतो. खालची खरी ३१.७३७३ आहे, कुणी ३१.७३ लिहिलं की ७ मायक्रॉनने बाहेर गेलेला जॉब तुम्ही पास करणार आणि गिऱ्हाईक परत पाठवणार.

चहावरच्या भांडणाला माझा एक नियम: ज्याला समोरच्याचं माप चुकीचं वाटतं त्याने तोच जॉब आधी समोरच्याच्या मापात मोजून दाखवायचा. मिस्त्रींनी मायक्रॉनमध्ये, पोरांनी थाऊमध्ये. मग बोला.

शिरोली_जॉबवर्क
१२७ चा गिअर सापडला, गंजलेला आहे पण दाते शाबूत. पाटी बदलून लिहितो. एकच राहिलं: डिजिटल व्हर्निअरचं इंच-मिमी बटण चुकून दाबलं जातं, त्याचं काय करता?

गोकुळशिरगाव_क्यूसी
बटणावर टेप मारा. इंची ड्रॉइंगसाठी वेगळा व्हर्निअर ठेवा, त्याच्या जबड्याला लाल पट्टा. शिफ्ट सुरू होताना दोन्हींवर २५.४ मिमीचा मास्टर (अचूक मापाचा तुकडा) धरायचा: एकावर २५.४०, दुसऱ्यावर १.०००.