एमएक्स-५चा सिल कापला आणि दार लागेना

उद्यमनगर (कोव्हेंट्री)

मंडळी, अडकलोय. गाडी १९९१ची माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १.६ लिटर, वर उघडणाऱ्या दिव्यांची. घराला लागून एका गाडीपुरतं गॅरेज आहे, तिथे दोन हिवाळे काम चाललंय. इंजिन बाहेर काढून स्टँडवर आहे.

डावा सिल, म्हणजे दाराखालचा तो पोकळ पत्र्याचा उंबरा, मागच्या चाकाजवळ गंजला होता. कारण सापडलं. कापडी छताचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं. नळ्या पाल्याने तुंबल्या की ते पाणी सिलमध्ये मुरतं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. शनिवारी बाहेरचा पत्रा कापून काढला, तर आतलाही वीतभर कुजलेला.

रविवारी सकाळी सहज दार लावून पाहिलं. लागेना. कडी खिट्टीवर आपटते. दाराच्या मागच्या कडेची फट वर जेमतेम २ मिमी, खाली ७. उजव्या बाजूला सगळीकडे ४. गाडी पुढे दोन, मागे दोन अशा चार स्टँडवर होती. पोटात कळ आली हो.

आता आहे तसा नवा सिल जोडून नंतर बिजागऱ्या सरकवून दार बसवलं तर चालेल का? मागाहून टर्बो, गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा आणि रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) घालायचा बेत आहे. मे महिन्यात बाबा कोल्हापूरहून येताहेत. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. त्यांना याच डाव्या सीटवर बसवून फिरवायचंय, म्हणून ही बाजू मला पक्कीच हवी.

पत्रेवाला काका (पुणे)

बाळा, वेल्डिंगला हात लावू नकोस. आत्ता टाका मारलास तर ती वाकडी फट कायमची झाली, मग बिजागरी कितीही सरकव.

बिनछताच्या गाडीला वरून धरणारं काही नसतं. छपराच्या गाडीत जो भार वरचा पत्रा घेतो तो इथे बहुतेक सिलवर येतो. तो तू कापलास आणि आधार दोन टोकांना ठेवलास. मध्ये गाडी बसली, म्हणून वरची फट मिटली आणि खालची उघडली. पत्रा फाटलेला नाही ना? मग परत येईल.

दार काढू नकोस, तेच तुझं माप आहे. कापलेल्या जागेच्या थोडं आत, गाडीच्या तळाखाली जी लांब रेल जाते तिच्याखाली जाड लाकडी फळी घाल आणि जॅकने उचल. उचल म्हणजे दांडा इतकाच दाब की फट हललेली डोळ्याला जेमतेम दिसावी. थांब, दार लावून बघ, पुन्हा दाब. फट मोजायला ४ मिमीच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू घे. वर, मध्ये, खाली सारखी अडकत सरकली पाहिजे.

जमलं की बिजागरीच्या खांबापासून खिट्टीच्या खांबापर्यंत आतल्या बाजूने चौकोनी पाइप बोल्टने आवळ, मध्ये टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा स्क्रू) ठेव, म्हणजे अर्धा मिमीसुद्धा ढकलता-ओढता येईल. मगच आतला पत्रा, मग बाहेरचा. एक टाका पुढे, एक मागे, एक मध्ये. हात लावता येईल इतकं निवू दे. सलग ओढत गेलास तर उष्णतेने पत्रा आक्रसतो आणि केलेलं सगळं पाण्यात. दर चार टाक्यांनी दार लाव.

लीड्सवाली

काकांना एक जोड देते. या गाडीची पेट्रोलची टाकी सीटच्या लगेच मागे आहे आणि तिच्या नळ्या खालून जातात. कार्पेट आणि आतली डांबरी पट्टी काढा, बॅटरी डिकीत आहे तिची निगेटिव्ह सोडा, आगविझवणी हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर तासभर तिथेच बसा. माझ्या नवऱ्याच्या गाडीत फोमने अर्ध्या तासाने पेट घेतला होता.

एमओटीला, म्हणजे इंग्लंडातल्या वार्षिक गाडी-तपासणीला, सिलसारख्या भार घेणाऱ्या भागात पुट्टी किंवा फायबर चालत नाही, पत्र्यालाच वेल्ड हवं. टर्बो, स्प्रिंगा, जे काही बदलाल ते विमा कंपनीला आधी कळवा.

न्यूजर्सीकर

टर्बोचं आत्ता राहू द्या, असं मनापासून सांगतो. हे इंजिन मुळात माझदाच्याच ३२३ गाडीचं, तिथे ते आडवं बसतं. इथे उभं बसवताना इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बाहेरची वाट पुढे आणली, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. टर्बो लावायचा तर आधी ती वाट मागे नेलेली बरी. तोच पैसा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर), ब्रेक आणि टायरवर घाला. मी माझ्या गाडीत फक्त रबरी बुश बदलले, तर वळणावर ती दुसरीच गाडी वाटायला लागली.

आणखी एक. इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकची पुली बघा. खाचा ४ असतील तर तो जुना आखूड नाकाचा, म्हणजे पुली बसते ते टोक आखूड असलेला क्रँक, ८ असतील तर सुधारलेला. आखूड नाकाच्या क्रँकवर पुलीचा बोल्ट नीट आवळलेला नसला की पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (धातूच्या छोट्या तुकड्याची) खाच झिजते आणि इंजिनाचं टायमिंग सरकतं. १९९१मध्ये दोन्ही निघाले आहेत.

उद्यमनगर (कोव्हेंट्री)

नऊ दिवसांनी लिहितोय. काका, तुमच्या पायावर डोकं ठेवायला हवं.

फळी घालून उचलायला अख्खी संध्याकाळ लागली. पहिल्या दोन दाबांत काहीच हललं नाही, तिसऱ्याला खिट्टीजवळ बारीक 'टक' झालं आणि वरच्या फटीत ३चं बिट शिरलं. टर्नबकलला वेढाभर दिल्यावर ४चं वर-खाली सारखं फिरलं. आतला पत्रा पूर्ण झाला, बाहेरचा निम्मा. प्रत्येक टाक्यानंतर हाताची पाठ टेकवून बघतो. काल रात्री दार एका बोटाने ढकललं आणि कडी आपोआप बसली. तो आवाज फोनवर बाबांना ऐकवला. ते म्हणाले, "उजवं लाव बघू." लावलं. म्हणाले, "आता दोन्ही एक झाले."

पाण्याच्या दोन्ही नळ्या साफ केल्या, पेलाभर पाणी ओतलं की सरळ जमिनीवर पडतं. टर्बोचे पैसे बुश आणि ब्रेककडे वळवले. रोल बार मात्र घालणार.

पुलीला ४ खाचा आहेत. शनिवारी बोल्ट सोडून चावीच्या खाचेचे फोटो टाकतो. न्यूजर्सीकर, बघाल ना?