व्हायकिंग्ज २०१६: माशी कुठे शिंकली?

चहाबाज: अमेरिकन फुटबॉलमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज टीमचा २०१६ चा सीझन परत बघतोय, नवं कोरं यूएस बँक स्टेडियम, सीझनमधली तिथली पहिलीच मॅच पॅकर्सना १७-१४ हरवून मारली, सुरुवातीला सलग पाच जिंकल्या आणि शेवटी ८-८ (आठ जिंकल्या, आठ हरल्या)?? असं कसं?

हिमगौरी: अरे सीझनआधीच प्रॅक्टिसमध्ये क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ब्रिजवॉटरचा गुडघा गेला ना, मग ईगल्स टीमला ड्राफ्टमधला पहिल्या राउंडचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) देऊन त्याच्या जागी ब्रॅडफर्ड आणला. त्याने ७१.६ टक्के पास पूर्ण केले, तेव्हाचा रेकॉर्ड, पण त्याला वाचवणारी पुढची लाइनच फाटकी, बिचाऱ्याला लांब फेकायला वेळ कुठे मिळायचा.

निवांत: +१. त्यात त्याच पॅकर्सच्या मॅचला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) पीटरसनचा पण गुडघा गेला, आणि नोव्हेंबरात ऑफेन्सचा कोच नॉर्व टर्नर राजीनामा टाकून मोकळा. स्टेडियम काय करणार बापडं!

चहाबाज: हां, टर्नरचं विसरलोच होतो.