रिट्रॅक्टरचा क्लॅम्प ओढ आली की फिरतो, सांधा कसा करावा?

प्रश्न: ऑपरेशन टेबलच्या २५×१० मिमी रेलवर उभा दांडा, त्यावर ३०० मिमी आडवा हात, टोकाला रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं अवजार). सांध्याची एकमेकांना टेकणारी तोंडं सपाट, ३०४ स्टेनलेस स्टीलची. एम८ (८ मिमी) स्क्रूने हाताने आवळतो. १०० न्यूटन ओढीला हात फिरतो. स्क्रू मोठा घालू का?

उत्तर १: स्क्रूने भागणार नाही. १०० × ०.३ = ३० न्यूटन-मीटर. ओल्या स्टीलचा घर्षणांक ०.१५, तोंडांची त्रिज्या १५ मिमी धरली तर दाब हवा सुमारे १३,३०० न्यूटन. हाताने ३ न्यूटन-मीटर आवळलेला एम८ देतो जेमतेम १,९००. तोंडांवर एकमेकांत बसणारे दाते पाडा, दात्याच्या टोकाचा कोन ६० अंश. मग तोंडांना एकमेकांपासून ढकलणारा जोर ८०० न्यूटनच्या आसपास येतो, तो स्क्रू सहज पेलतो. ९० अंशाला तो दीडहजाराच्या आसपास जातो, १,९०० च्या फार जवळ; स्क्रू जरा सैल राहिला की दाते एकमेकांवरून चढतात.

प्रश्नकर्ता: दाते किती? बारीक हलवता आलं पाहिजे.

उत्तर १: ६० दाते म्हणजे ६ अंशांची पायरी, टोकाला ३१ मिमी. ढोबळच. बारीक फरक रिट्रॅक्टरची दांडी पकडीत पुढेमागे सरकवून करा.

उत्तर २: दात्यांच्या खाचांत रक्त सुकतं, म्हणून सांधा अवजाराशिवाय पूर्ण सुटला पाहिजे. बंद भोकं नकोत, आरपार ठेवा. स्क्रू आणि नट एकाच स्टीलचे असतील तर आटे चिकटून जाम होतात, १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) तेल धुऊन गेल्यावर तर जास्तच. स्क्रू १७-४ पीएचचा (उष्णता देऊन कडक होणारं स्टेनलेस) कडक केलेला, नट नायट्रॉनिक ६०चा (सहसा न चिकटणारं स्टेनलेस). आणि ब्लीचमध्ये बुडवू नका, खड्डे पडतात.