मदत हवी आहे: जाफन्यातलं घर, दुसऱ्याचा कब्जा आणि एक जुनं पत्र

नमस्कार मंडळी. श्रीलंकेतल्या जमीन कायद्याची माहिती असलेलं कुणी आहे का इथे?

माझी वहिनी मूळची जाफन्याची. तिच्या आई, आम्हीही अम्माच म्हणतो, आता ७८ वर्षांच्या आहेत आणि पुण्यात आमच्याकडेच असतात. चुन्नाकमला चार परप्पू जागेत त्यांचं घर आहे. परप्पू हे तिकडचं जमिनीचं माप, सोळा परप्पूंचा एकर; म्हणजे चार परप्पू आपले दहा गुंठे. लग्नात माहेरहून चीदनम् (हुंडा) म्हणून मिळालं, त्यामुळे खत त्यांच्याच नावावर.

१९९५च्या ऑक्टोबरअखेर श्रीलंकेचं सैन्य जवळ आलं, तमिळ वाघांनी (एलटीटीई) लोकांना निघायला सांगितलं आणि एका रात्रीत लाखो माणसं रस्त्यावर आली. पुढच्या वर्षी अम्मा होडीने रामेश्वरमला उतरल्या. रिकाम्या घरात मैलिड्डीचं एक कोळी कुटुंब राहायला आलं. त्यांची स्वतःची जागा १९९० पासून सैन्याच्या कुंपणाआड आहे, अजून सुटलेली नाही. त्यांना तरी कुठे जायचं होतं?

२००३ मध्ये, युद्धबंदी असताना, त्या घरातल्या आजोबांनी अम्मांना पत्र पाठवलं: ‘घर तुमचं आहे. विहीर दर वर्षी उपसतो. निरोप आला की निघू.’ अम्मांनी ते पातळाच्या घडीत जपून ठेवलंय. आजोबा वारले. मुलगा म्हणतो, आता घर आमचं. त्याला घरकुलाचं अनुदान हवंय आणि त्यासाठी मालकीचा कागद लागतो.

तिथल्या वकिलांनी सांगितलं की दहा वर्षं कब्जा असला की हक्क लागतो (आपल्याकडे बारा). विस्थापितांसाठी २०१६ मध्ये खास कायदा झाला, त्यात १ मे १९८३ ते १८ मे २००९ हा काळ त्या दहा वर्षांत मोजायचा नव्हता. पण दावा दोन वर्षांत लावायचा होता. आम्हाला हे कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती.

माझा प्रश्न त्या पत्राचा आहे. परवानगीने राहिलेल्याला कब्जेदाराचा हक्क लागत नाही, हे तिथल्या कोर्टात धरतात का? लिहिणारा हयात नसताना सही कशी शाबीत करायची? जमिनीच्या वादांसाठी तिथे खास मध्यस्थी मंडळं आहेत, तिथे अम्मा मुखत्यारपत्रावर वहिनीला पाठवू शकतील का?

त्यांना बाहेर काढा असं अम्मा म्हणत नाहीत. दोन परप्पू त्यांना लिहून द्यायची तयारी आहे. विहिरीकडची बाजू तेवढी आपल्याकडे राहावी म्हणतात. अशी तडजोड कुणी करून घेतली असेल तर कागद कोणत्या क्रमाने केले, ते कृपया सांगा. वहिनी पुढच्या महिन्यात जाफन्याला जाते आहे.